खड्ड्यांवरचं निकेल

"पॉलिश कुणी केलं?"

दुकानदार काकांच्या डोळ्याला भिंग होतं, त्यामुळे हा प्रश्न मला होता की समोरच्या रिव्हॉल्व्हरला, ते क्षणभर कळलं नाही. पुण्याच्या पेठेतलं ते जुनं बंदुकांचं दुकान. बाहेर लोखंडी जाळी, आत अरुंद काउंटर आणि हवेत तेलाचा वास, शिवणयंत्राच्या तेलासारखा पण त्याहून जड. बाबा गेल्यानंतर त्यांच्या नावावरचं हत्यार घरात ठेवता येत नाही, म्हणून दादाने अमेरिकेतून फोनवर फोन करून मला इथे पाठवलं होतं. परवान्याचं पुस्तक, मृत्यूचा दाखला, माझं आधार कार्ड असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. काकांनी पिवळ्या फ्लॅनेलचा तुकडा अंथरला, त्यावर आमचं रिव्हॉल्व्हर ठेवलं, अंगठ्याने खटका दाबला. नळी खाली झुकली आणि मधली चांदणी वर आली. सहाही घरं रिकामी आहेत हे त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळीचं टोक प्रत्येकावर फिरवून पाहिलं. त्यानंतर भिंग. अर्धं मिनिटही लागलं नसेल. "निकेल मागाहून चढवलंय," ते म्हणाले, "आणि खड्ड्यांवर चढवलंय." त्यांनी नळी ट्यूबलाइटकडे तिरकी धरली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. त्या चकाकीच्या खाली देवीच्या व्रणांसारखे बारीक बारीक खड्डे होते. वेब्ली अँड स्कॉट या अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या झाल्या होत्या. कंपनीची खूण म्हणजे पंख असलेली उडती गोळी, तिचा एक पंख घासून नाहीसा झाला होता. "कारखान्यातून हे निळंकाळं निघालं होतं, ताई. तसंच ठेवलं असतं, अगदी गंजासकट ठेवलं असतं, तरी गोष्ट वेगळी होती."

मला उत्तर माहीत होतं. तिथे देता आलं नाही.

आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, ते १९५६ साली मुंबईहून आणलं. कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं आणि आप्पा एका ठेकेदाराकडे मजुरांच्या पगाराची रोकड कऱ्हाडहून वर नेत. जीप, दोन माणसं, पत्र्याची पेटी आणि कमरेला हे. घाटात संध्याकाळ झाली की आप्पा ते काढून मांडीवर ठेवायचे, असं बाबा सांगत. ते कधी कुणावर उगारायची वेळ आली नाही. बत्तीस बोअरचं, तळहातात मावेल एवढं. मुठीला काळं कडक रबर आणि त्यावर चौकडीची बारीक नक्षी. मी लहानपणी ते वर्षातून एकदाच बघायचे, खंडेनवमीला. आदल्या दिवशी बाबा ते खोलून, पुसून ठेवत. नवमीला देवघरापुढे पाट मांडला जाई. त्यावर कोयता, विळा, बाबांची पट्टी-पाना, आईची कातरी, आणि या सगळ्यांच्या मध्ये लाल खणावर ते. जिजी, म्हणजे आजी, आधी लांबूनच विचारायची, "आतलं काढलंय न्हवं?" बाबा नळी वाकवून दाखवत. मग ती पुढे व्हायची, हळदीकुंकवाची बोटं मुठीवर टेकवायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि दोन पावलं मागे सरकून हात जोडायची. एकदा मी तिला विचारलं होतं की याची पूजा कशाला करायची, ते तर माणूस मारायचं यंत्र. ती म्हणाली, "म्हणून तर. देवाम्होरं ठेवलं की वरीसभर गप बसतंय."

मग निकेलचं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हललं, तेव्हा आप्पा-जिजी तिथल्याच वसाहतीत होते. बाबा शिकायला कऱ्हाडला होते, म्हणून त्यांनी ती पहाट पाहिली नाही, त्यानंतरचे दिवस पाहिले. त्या गावातलं घर म्हणावं असं फारसं काही उभं राहिलं नव्हतं. शंभरावर माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, आणि जिजी हे वाक्य आयुष्यभर खालच्या आवाजात बोलली, कारण शेजारच्या घरातली दोघं गेली होती. आप्पांची पेटी ढिगाऱ्याखालून निघायला कित्येक दिवस लागले. त्या दिवसांत वर माती, आत ओल. पेटी उघडली तर कागदांचा लगदा झालेला आणि रिव्हॉल्व्हरवर तांबूस खरूज चढलेली. आप्पांनी खोबरेल तेल, राख, शेवटी काच-कागद असं हाताला येईल त्याने ते घासलं. गंज गेला, खड्डे राहिले. पुढच्या दसऱ्याच्या आधी बाबांनी ते कऱ्हाडला एका मुलामेवाल्याकडे नेलं, जो सायकलची हँडलं आणि लग्नाची भांडी चमकवून द्यायचा. हत्यार असं कुणाकडे सोडून येता येत नाही, म्हणून बाबा दिवसभर त्याच्याशेजारी बसून राहिले. आधी घासायचं बफचं चाक, मग निकेलच्या पाण्यात आंघोळ, मग पुन्हा चाक. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा जिजी म्हणाली, "आता कसं द्येवाच्या भांड्यावानी दिसतंय."

हे सगळं काकांच्या "पॉलिश कुणी केलं?"चं उत्तर. मी त्यांना म्हणाले, "घरच्यांनी."

त्या रात्रीपासून मला लिलावाचे कॅटलॉग वाचायचा नाद लागला. सुरुवातीला राग होता, की एका भिंगाने अर्ध्या मिनिटात आमच्या घराचा दसरा खोटा ठरवला. मग हळूहळू मी त्या भाषेत गुंतत गेले. जुनी रिव्हॉल्व्हरं गोळा करणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांची नजर काय बघते हे कळायला लागलं की आपलीही नजर बदलते. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, कारखान्यातून निघालं तेव्हाचं यावर किती उरलंय? ते टक्क्यांत सांगतात. मूळ निळाईचे नव्वद टक्के, चाळीस टक्के, दहा टक्के. ती निळाई रंग नसते, ती पोलादाच्या कातडीचाच एक पातळ थर असते. चामड्याच्या म्यानात जाता-येता नळीच्या टोकाला ती आधी उडते, मग सिलिंडरच्या कडांना, आणि जिथे जिथे हाताचा घाम लागतो तिथे तपकिरी होत जाते. अशी वापराने झिजलेली जागा संग्राहकाला चालते, आवडतेही. त्याला ती प्रामाणिक झीज वाटते. पण कुणी घासून नवी निळाई चढवली की किंमत निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली. बफचं चाक सपाट जागा आणि कडा यांत फरक करत नाही. अक्षरं खोलगट राहायच्या ऐवजी पसरट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या होतात. स्क्रूच्या खाचासुद्धा भिंगाखाली बघतात. चुकीच्या पेचकसाने एकदा जरी उघडलं असेल तरी खाच चिरलेली दिसते, आणि मग प्रश्न येतो, आत काय बदललं? सांगाडा, चापाभोवतीची कमान, मुठीची पट्टी, सगळ्यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक जरी उपरा निघाला तरी ती दोन मेलेल्या रिव्हॉल्व्हरांतून जोडलेली तिसरी वस्तू ठरते.

या वाचनात काही गोष्टी अशा सुंदर भेटल्या की राग विसरायला झालं. कोल्ट या अमेरिकन कंपनीचं १८७३ साली आलेलं सिंगल ॲक्शन आर्मी नावाचं रिव्हॉल्व्हर घ्या. त्याचा सांगाडा हाडं आणि चामड्याच्या कोळशात पुरून लालबुंद तापवायचे आणि एकदम पाण्यात बुडवायचे. हेतू एवढाच की वरची कातडी टणक व्हावी. पण बाहेर येताना त्या पोलादावर निळे, जांभळे, विटकरी ढग उमटलेले असत, पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो तसे, आणि प्रत्येक सांगाड्यावर वेगळे. हे रंग उन्हाने उडतात. दीडशे वर्षं एखादं रिव्हॉल्व्हर कुणा पेटीत अंधारात पडून राहिलं असेल तरच ते ढग दिसतात, आणि त्या ढगांना हजारो डॉलर मोजले जातात. किंवा कोल्टचंच १८५१चं नेव्ही. त्याच्या सिलिंडरभोवती एक सागरी लढाई उठवलेली असते, टेक्ससच्या आरमाराची १८४३ साली मेक्सिकोतल्या कांपेचेजवळ झालेली. शिडाची जहाजं, धूर, लाटा, सगळं नखाएवढं. नक्षी इतकी उथळ की अंगठ्याच्या आणि चामड्याच्या घासण्याने जहाजं एकेक करून बुडत जातात. लिलावात त्या सिलिंडरचं वर्णन करताना किती जहाजं अजून दिसतात हे बघतात. मी एका फोटोत मोठं करून करून पाहत होते. शिडांपैकी एक शीड उरलं होतं आणि बाकी सगळा राखाडी समुद्र. कुणीतरी वीस-तीस वर्षं ते रोज कमरेला लावलं असणार, त्याशिवाय एवढा समुद्र होत नाही. त्या माणसाला बाजार कमी पैसे देतो आणि ज्याने ते पेटीतून काढलंच नाही त्याच्या पेटीला जास्त.

दुर्मीळपणाचंही तसंच. १८४७ सालचं कोल्ट वॉकर साधारण अकराशेच बनलं. जवळजवळ दोन किलो वजनाचं धूड, टेक्ससच्या रेंजर्ससाठी. सॅम्युअल वॉकर या ज्या कॅप्टनच्या सूचनांवरून ते घडलं, तो त्याच वर्षी मेक्सिकोच्या लढाईत मारला गेला. त्यातली बरीच वापरात फुटली, कारण सिलिंडरमध्ये दारू फार मावायची आणि पोलाद तेवढं सोसणारं नव्हतं. जी उरली त्यांतलं एक डॅनिश जहाजाच्या कप्तानाने स्वतःसाठी घेतलेलं, लाकडी पेटीत सगळ्या सामानासकट राहिलेलं. ते २०१८ साली अमेरिकेत १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. फोटोत ती पेटी उघडी आहे. आत बारुदाची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, सगळं आपापल्या खणात. लढाईसाठी घडवलेलं हत्यार, आणि लढाईला न गेल्यामुळे ते जगातलं सर्वांत मौल्यवान वॉकर.

दोन वर्षांपूर्वी दादाकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा यातलं काहीच डोक्यात नव्हतं, तरी तो मला पॅटरसनला घेऊन गेला होता. तिथला धबधबा बघायला. त्याच पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांच्या आवारात सॅम्युअल कोल्टने १८३६ साली पहिला कारखाना काढला आणि सहा वर्षांत तो बुडाला. गावच्या संग्रहालयात तेव्हाची रिव्हॉल्व्हरं काचेआड आहेत. त्याच संग्रहालयात जॉन हॉलंडच्या सुरुवातीच्या पाणबुड्या पडलेल्या, मुलांचं लक्ष त्यांच्याकडे जास्त. मी मात्र त्या काचेशी बराच वेळ रेंगाळले होते, कारण त्या रिव्हॉल्व्हरांना चापच दिसत नव्हता. दादाने समजावलं, की घोडा मागे ओढला की चाप पोटातून खाली येतो. झोपलेल्या जनावराची नखं आत असतात तसं. आणि तिथेच त्याने सांगितलं की कोल्ट सोळा वर्षांचा असताना खलाशी म्हणून कलकत्त्याला आला होता. १८३० साल, जहाजाचं नाव कॉर्वो. त्या प्रवासात जहाजाचं सुकाणू फिरताना, प्रत्येक आरा ठरावीक जागी अडकताना पाहून त्याला फिरत्या सिलिंडरची कल्पना सुचली आणि त्याने लाकूड तासून नमुना केला, अशी ती सांगीवांगी. सुकाणूचं खरं असो की रचलेलं, लाकडी नमुना मात्र आजही हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे. लोखंड नव्हे, लाकूड, चाकूने तासलेलं. बंगालच्या उपसागरात कुठेतरी ते तासताना त्या पोराच्या मांडीवर भुसा पडला असेल. मला त्या सगळ्या इतिहासातली तेवढीच जागा आवडते, जिथे ते अजून काहीच करू शकत नाही.

कारण पुढची पानं उलटली की मन खट्टू होतं. सगळ्यांत मोठे आकडे मृत्यूला आहेत.

पॅट गॅरेट नावाच्या शेरीफने १४ जुलै १८८१च्या रात्री बिली द किड या फरारी गुन्हेगाराला ज्या कोल्टने मारलं, ते २०२१ साली लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं. अंदाज २० ते ३० लाखांचा होता. तसंच, त्याच वर्षांतलं, निनावी माणसाचं कोल्ट त्याच्या शतांशाला मिळेल. पॅरिसच्या दोन लिलावांनी तर मला दोन दिवस झोपू दिलं नाही. दोन्ही लफॉशो पद्धतीची सात मिलिमीटरची स्वस्त रिव्हॉल्व्हरं. काडतुसाच्या बुडाशी आडवी टाचणी असायची आणि घोडा त्या टाचणीवर पडायचा. त्या काळी युरोपातल्या कुठल्याही गावात मिळणारी वस्तू. एक व्हर्लेन या कवीने १० जुलै १८७३ रोजी ब्रसेल्समध्ये विकत घेतलं आणि त्याच दिवशी आपल्या कवीमित्रावर, रँबोवर झाडलं. मनगटाला लागलं. ते २०१६ साली ४ लाख ३४ हजार ५०० युरोला गेलं, अंदाजाच्या कितीतरी पट. दुसरं व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं म्हणून सांगितलं जाणारं. १८९०च्या जुलैत पॅरिसजवळच्या ओव्हेर गावच्या शेतात या चित्रकाराने ते स्वतःच्या छातीला लावलं असं मानतात. १९६०च्या दशकात एका शेतकऱ्याला त्याच परिसरात नांगरटीत एक रिव्हॉल्व्हर सापडलं. बोअर जुळत होतं, किती वर्षं मातीत असावं याचा अंदाज जुळत होता, याहून ठाम पुरावा नाही. २०१९ साली ते १ लाख ६२ हजार ५०० युरोला गेलं. त्याचा फोटो मी आमच्या रिव्हॉल्व्हरच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. मुठीचं लाकूड कुजून गेलेलं, चापाभोवतीची कमान नाही, सगळ्या अंगावर गंजाचे पापुद्रे. काकांच्या फ्लॅनेलवर कुणी ते ठेवलं असतं तर भंगार म्हणून बाजूला सारलं असतं. त्याला कुणी घासलं नाही, निकेल चढवलं नाही, कारण ते कुणाच्या घरीच नव्हतं. मातीत होतं.

आणि आमचंही मातीत होतं. थोडे दिवस.

तिकडच्या बाजाराचं हे आणि इकडचं वेगळं, हे काकांनीच दुसऱ्या भेटीत नीट उलगडून सांगितलं. आपल्याकडे १९८०च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली, तेव्हापासून देशात आधी आलेली वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन यांचा ठरावीक साठा परवानाधारकांत इकडून तिकडे फिरत राहिला आणि किमती लाखांत गेल्या. "पण आपलं गिऱ्हाईक ते वापरायला घेतं," काका म्हणाले, "तिकडचं न वापरायला घेतं." इथे घेणारा चाप ओढून बघतो, सिलिंडर कुलूप लागल्यासारखं बसतं का, हलतं का ते बघतो, नळीत उजेड टाकून आतल्या आट्या शाबूत आहेत का ते बघतो. निळाईचे टक्के विचारणारा क्वचित. आता तर नव्या कायद्यात एका परवान्यावर दोनच हत्यारं, २०१९च्या दुरुस्तीआधी तीन होती. ज्यांच्याकडे वाडवडलांचं तिसरं होतं त्यांनी ते कुठे ना कुठे जमा केलं. काकांच्या तिजोरीत अशी कितीतरी आहेत, चिठ्ठी बांधलेली, वारस परदेशात. शंभर वर्षांवरची वस्तू पुराणवस्तू कायद्याने देशाबाहेर जात नाही, आणि इथे तिला पुराणवस्तू म्हणून मोल देणारे थोडे. काका ते सांगताना आवाज चढवत नव्हते, पण तिजोरीकडे बघत होते. मला त्या माणसाबद्दल पहिल्या दिवशी जो राग होता तो तिथे गळून पडला. चाळीसेक वर्षं त्यांनी लोकांच्या घरातून निघालेली हत्यारं पुसून, तेल लावून, उन्हापासून लांब ठेवलीत. त्यांना वाईट वाटलं होतं ते त्या पोलादासाठी.

त्यांनी मला आणखी एक विचारलं, "कुणा क्रांतिकारकाचं वगैरे आहे, असं काही नाही ना? नाही, म्हणजे येतात लोक तसं सांगत." मी नाही म्हटलं. पण मग तेच बोलत राहिले, की सांगण्याला मोल नाही, क्रमांकाला आहे. भगतसिंगांच्या पिस्तुलाचंच बघा. साँडर्सवर झाडलेलं ते बत्तीस बोअरचं कोल्ट स्वयंचलित पिस्तूल कितीतरी वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात इतर हत्यारांसारखंच पडून होतं. गंज लागू नये म्हणून त्या सगळ्यांवर काळा रंग मारलेला. काही वर्षांपूर्वी रंग खरवडून काढला तेव्हा खालचा क्रमांक कागदपत्रांतल्या क्रमांकाशी जुळला. आता ते पंजाबात सीमेवरच्या हुसैनीवाला इथे आहे. ते कधी लिलावात येणार नाही आणि येऊही नये. पण जपायला म्हणून मारलेल्या रंगानेच ते इतकी वर्षं झाकलं होतं, हे ऐकताना मला कऱ्हाडचं बफचं चाक डोळ्यांपुढे आलं. गॅरेटच्या कोल्टलाही कागदानेच तारलं. ते एका दारूच्या गुत्त्यात शोभेला ठेवलेलं होतं. गॅरेटच्या मागे त्याच्या विधवेने ते परत मिळवायला दावा लावला आणि ती जिंकली. ६० लाखांतले किती लाख त्या निकालपत्राचे, कोण सांगणार.

त्या दिवशी घरी येऊन मी बाबांची ट्रंक पुन्हा काढली. दुकानात नेलेलं पुस्तक बाबांच्या नावचं, १९७९नंतरचं. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं, निकालानंतर आणायचं. त्या सगळ्या पावत्या बाबांनी वर्षवार दोऱ्याने बांधल्या होत्या. लोकसभा, विधानसभा, झेडपी. आमच्या रिव्हॉल्व्हरने जितक्या निवडणुका कोठडीत काढल्या तितक्या मी मतदानाच्याही नसतील काढल्या. त्या गठ्ठ्याच्या तळाशी आप्पांचं पुस्तक होतं. खाकी पुठ्ठा, कडा उंदराने कुरतडलेल्या. १९६८ साली दिलेली दुय्यम प्रत. पहिल्याच पानावर, छापील रकान्यांच्या बाहेर, कुणा कारकुनाने निळ्या शाईत तिरकं लिहिलेलं: "मूळ पुस्तक कोयनानगर भूकंपात गहाळ. हत्यार समक्ष पाहिले. गंजलेले, चालू स्थितीत." खाली सही, गोल शिक्का. मी ते तीनदा वाचलं. हत्यार समक्ष पाहिले. निकेल चढायच्या आधीचं आमचं रिव्हॉल्व्हर जसं होतं तसं पाहिलेला एक परका माणूस, आणि त्याने ते लिहून ठेवलं. घरातल्या कुणीच लिहिलं नव्हतं.

यंदाच्या खंडेनवमीला पाट मांडला तेव्हा मधली जागा रिकामीच होती. कोयता, कातरी, लॅपटॉप. मी पुस्तक ठेवावं का असा विचार केला आणि ठेवलं नाही. कागदाला कुंकू लागलं असतं.

दसऱ्यानंतर सह्या करायला गेले, तेव्हा ते पुस्तक बरोबर नेलं. काकांनी ते फ्लॅनेलवरच उघडलं, चष्मा बदलला आणि कारकुनाची ती ओळ ओठ हलवत वाचली. मग काही न बोलता आतून रिव्हॉल्व्हर आणलं, पुन्हा नळी तिरकी धरली आणि या वेळी ते खड्डे बराच वेळ बघत बसले. "कोयनेचे होय," एवढंच म्हणाले. किमतीचा आकडा बदलला नाही, मी विचारलाही नाही. दादाचा फोन वाजत होता तो मी बंद केला. पावतीसाठी काका वर्णन लिहायला लागले: कंपनी, बोअर, क्रमांक, नळीवर बर्मिंगहॅमच्या मुकुटाखालचे परीक्षेचे शिक्के, निकेल मागाहून चढवलेलं, जुना गंज. लिहिता लिहिता त्यांनी मूठ भिंगाखाली घेतली आणि थांबले. दिव्याजवळ नेली. टेबलाच्या कप्प्यातून त्यांनी लाकडाची एक बारीक काडी काढली, चौकडीच्या नक्षीवर धरली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आत काहीतरी सुकून बसलंय. लाल. काढू का?"

मी वाकून पाहिलं. रबराच्या एकेका खाचेत, बोट टेकायचं तिथे, अर्ध्या नखाएवढ्या जागेत, वाळून काळपट झालेलं जिजीचं कुंकू.

"नको," मी म्हणाले.

काकांनी काडी परत कप्प्यात ठेवली, पेन उचललं आणि पावतीवर शेवटच्या ओळीत लिहिलं: मूठ मूळची, नक्षीत कुंकवाचे अंश.